मुलांचे पत्ते आणि वडिलांचें कर्तव्य

पत्त्यांचें नांव निघतांच आपल्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ही आठी जुनी आहे. पत्त्यांपायीं बुडालेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं त्यांनीं ती पुढील पिढीस दिली, आणि ती सर्वस्वीं निराधार आहे असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु ‘मॅजिक’, ‘पोकेमॉन’ इत्यादि नांवांचे जे नवे पत्ते हल्लीं मुलांच्या हातीं आले आहेत, त्यांच्याविषयींचें वडिलांचें वर्तन पाहिलें म्हणजे ही आठी भलत्याच ठिकाणीं पडते असें आम्हांस वाटतें. मुलगा पत्त्यांच्या स्पर्धेस जातों म्हणाला, तर ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून त्यास अडविण्यांत येतें. आणि त्याच मुलाच्या वाढदिवशीं त्याच पत्त्यांचीं बंद पाकिटें कौतुकानें घरीं आणण्यांत येतात! आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. स्पर्धेस मुलास अवश्य न्यावें, स्वतः बरोबर जावें. हात आवरावयाचा तो पाकिटापाशीं.

हा खेळ जुन्या पत्त्यांहून कोठें भिन्न आहे तें प्रथम पाहूं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांच्या जोडांत 120 पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगाचीं बारा पानें. खेळणारा राव असो वा रंक, पानें त्या एकाच जोडांतून वाटलीं जातात. 52 पानांच्या विलायती जोडाचीहि हीच रीत. 1993 सालीं रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ निघाला, आणि ही रीत पालटली. प्रत्येकानें आपला जोड आपणच जमवून आणावयाचा, असा नवा प्रघात पडला. 1996 सालीं जपानांत निघालेले पोकेमॉनचे पत्ते याच मार्गानें गेले. पोकेमॉनचा जोड बरोबर 60 पानांचा असावा लागतो, आणि मूळ ऊर्जेचीं पानें वगळतां एका नांवाचीं चारांहून अधिक पानें त्यांत चालत नाहींत. कोणतें पान चार वेळां घ्यावें, कोणतें एकदांच, कोणतें आवडतें असूनहि टाकावें, हा विचार मुलास स्पर्धेपूर्वीं घरीं बसून करावा लागतो. याला जे वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांनीं त्रैराशिकाचीं गणितेंहि बंद करावींत.

आतां प्रत्यक्ष स्पर्धा. 1895 सालीं झुरिच येथील बुद्धिबळाच्या सामन्यांत प्रथम योजलेली ‘स्विस’ पद्धति येथें बहुधा चालते. पहिल्या डावांत हरला म्हणून कोणास घरीं पाठवीत नाहींत. ज्याचे जितके गुण, त्याची गांठ तितक्याच गुणांच्या खेळाडूशीं घालतात, आणि ठरलेल्या फेऱ्या सर्वांसच खेळावयास मिळतात. डावाच्या आरंभीं मुलगा आपला जोड पिसून प्रतिस्पर्ध्यापुढें ठेवतो, व तो तें पानांचें चळत पुन्हा पिसतो किंवा काटतो. मग वरचीं सात पानें हातीं घ्यावयाचीं. पोकेमॉनमध्यें आणखी सहा पानें पालथीं बाजूस पडतात. तीं कोणतीं, हें जोड चाळण्याची पहिली संधि मिळतांच स्मरणानें ताडावें लागतें. नियमाविषयीं शंका आल्यास हात वर करून पंचास बोलवावें आणि आपली बाजू आपल्याच शब्दांत मांडावी. बाहेरच्या कोणीं सूचना देणें हा नियमभंग होय, मग तो प्रत्यक्ष बाप कां असेना!

हीच गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आपल्या मुलांचे निबंध आपण दुरुस्त करतों, त्यांचीं भांडणें आपण मिटवितों. नऊ वर्षांच्या मुलीनें परक्या मुलासमोर व परक्या पंचासमोर एकटीनें बोलावें, असा प्रसंग त्यांच्या वांट्यास येतो कितीसा? कोणी म्हणेल, यासाठीं बुद्धिबळ आहे. आहेच, परंतु बुद्धिबळांत दैवाला जागा नाहीं. या खेळांत शहाणपणानें खेळूनहि वाईट पानांमुळें हार येते, आणि चूक करूनहि कधीं कधीं जय मिळतो. आपली चूक कोणती आणि दैवाची खोड कोणती, हें निवडून पाहण्याची संवय ज्यास लहानपणीं लागली, त्यास पुढें संसारांत तिचा उपयोग नाहीं असें कोण म्हणेल?

मग या खेळांत दोष नाहीं काय? आहे, आणि तो बंद पाकिटांत आहे. पाकिटांत कोणतीं पानें आहेत हें घेणारास ठाऊक नसतें. दुर्मिळ पान निघेल या आशेनें दुसरें, तिसरें पाकीट फोडलें जातें. 1999 सालीं अमेरिकेंत कांहीं पालकांनीं हा जुगारच आहे असा दावा न्यायालयांत लावला होता. कायदा कांहींहि म्हणो, अज्ञात वस्तूसाठीं पुन्हा पुन्हा पैसे टाकावयास मुलास शिकविणें, यास दुसरें सभ्य नांव आम्हांस सुचत नाहीं. त्यांत ‘गुंतवणूक’ हा शब्द वडिलांच्याच तोंडून निघूं लागला म्हणजे कठीण! ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ या पानास 52 लाख 75 हजार डॉलर आल्याचें 2022 सालीं जगजाहीर झालें, आणि पुष्कळांचे डोळे दिपले. पण तें पान कोणत्याहि पाकिटांत कधींच नव्हतें! जपानांतील एका मासिकानें 1997-98 च्या सुमारास मुलांच्या चित्रस्पर्धा घेतल्या, त्यांतील विजेत्यांस दिलेलें तें बक्षीस होतें.

वास्तविक खेळावयास पाकिटाची गरज नाहीं. तयार जोड मिळतात, सुटीं पानें ठरल्या किंमतीस मिळतात. आणि एकाच पानाची साधी व चकचकीत अशी आवृत्ति असली तरी डावांत दोहोंचें बळ सारखेंच. तेव्हां मुलास ठराविक रक्कम द्यावी आणि तिच्यांत कोणतीं पानें घ्यावयाचीं हें त्यासच ठरवूं द्यावें. जो बाप स्वतःच महागडा विजयी जोड आणून मुलाच्या हातीं देतो, तो मुलाच्या वांट्याचा अर्धा खेळ आपणच खेळून टाकतो. बक्षीस मिळालेंच, तर तें बापाच्या पैशाला मिळालें असें समजावें.

अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस आणि येथील शहरांतील पालकांस आमचें सांगणें एकच आहे. स्पर्धेच्या दिवशीं डबा व पुस्तक घेऊन मुलाबरोबर जावें, दूर बसावें आणि तोंड मिटून ठेवावें. फेरी संपवून तो आला म्हणजे ‘जिंकलास का?’ हा प्रश्न गिळून ‘डाव कसा झाला?’ असें विचारावें, आणि उत्तर कंटाळवाणें वाटलें तरी शेवटपर्यंत ऐकावें. परततांना वाटेंतील दुकानांत पाकिटें टांगलेलीं दिसतील. तेथें मात्र थांबूं नये.