झाकण नसलेला फोन

दुरुस्तीहून परत आलेला मोबाइल हातात घेतला की ग्राहक ठरावीक गोष्टी पाहतो. पडदा उजळतो का, चार्जिंग होते का, फोन लागतो का, कॅमेरा चालतो का, हे सगळे जमले की फोन ‘ओके’ ठरतो आणि पैसे दिले जातात. मात्र मदरबोर्डवरची पत्र्याची एक-दोन झाकणे दुरुस्तीच्या टेबलावरच राहून गेली असतील, तर ते यांपैकी एकाही कसोटीतून कळत नाही. फोन चालतोच. तो चालतो म्हणूनच ही त्रुटी चिंतेची आहे, कारण ज्या भागाची उणीव वापरात दिसत नाही, तपासणीत सापडत नाही आणि जिची किंमत काही अंशी दुसऱ्याच्या खात्यावर पडते, तो भाग गाळण्याकडे कोणत्याही बाजारव्यवस्थेचा कल असतो, मग त्यात कोणाचाही हेतू वाईट नसला तरी.

या झाकणांना कारागीर शील्ड म्हणतात. पत्रा साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा. धातू बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, नाहीतर कथिलाचा मुलामा दिलेले पोलाद किंवा स्टेनलेस स्टील. काही ठिकाणी एकसंध डबी थेट बोर्डाला सोल्डर केलेली असते. इतरत्र खाली सोल्डर केलेली चौकट आणि तिच्यावर दाबून बसणारे सुटे झाकण असे दोन तुकडे असतात. त्याखाली प्रोसेसर आणि मेमरी, वीजपुरवठ्याच्या आयसी, रेडिओचा भाग अशी कप्पेवार विभागणी असते. या शील्डचा ‘रेडिएशन’विषयीच्या लोकप्रिय भीतीशी फारसा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची भारतातील मर्यादा (१ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून प्रतिकिलो १.६ वॅट) प्रामुख्याने अँटेनातून मुद्दाम सोडल्या जाणाऱ्या लहरींना लागते. शील्ड अडवते ती न सोडायची, पण अपरिहार्यपणे निर्माण होणारी ऊर्जा.

ही ऊर्जा अपरिहार्य का, हे आकड्यांतूनच नीट कळते. अनेक फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एलपीडीडीआर४ मेमरीची एक नेहमीची गती सेकंदाला ३७३३ मेगाट्रान्स्फर एवढी असते आणि तेव्हा तिचे क्लॉक सुमारे १८६६ मेगाहर्ट्‌झवर चालते. टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या १८०० बँडच्या संदेशांसाठी राखलेला पट्टा आहे १८०५ ते १८८० मेगाहर्ट्‌झ, आणि या बँडवर भारतातल्या ४जी सेवेची मोठी भिस्त आहे. म्हणजे मेमरी जिथे बोलते, नेमके तिथेच फोनला ऐकायचे असते. दुसरे उदाहरण ३८.४ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलचे. त्याच्या चौकोनी लहरीतून विषम पटींचे हार्मोनिक निघत राहतात आणि त्यांतला ४१ वा १५७४.४ मेगाहर्ट्‌झवर येतो. जीपीएसची मध्यवर्ती वारंवारता १५७५.४२. तिच्या नागरी संकेताचा मुख्य पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे एक मेगाहर्ट्‌झ पसरलेला असल्याने ही रेषा त्याच्या अगदी काठावर पडते. गॅलिलिओ या युरोपीय प्रणालीच्या संदेशाची ऊर्जा तर मध्यापासून सुमारे तेवढ्याच अंतरावर एकवटलेली असते, तेव्हा तिच्या बाबतीत ती थेट वर्मावरच बसते. उपग्रहाकडून हातातल्या फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती एका वॅटचा दहा हजार लाख-कोटीवा भाग, अर्थात १० चा उणे सोळावा घात, एवढीच असते. ती नैसर्गिक औष्णिक कोलाहलाच्याही खाली दबलेली असते आणि गणिती प्रक्रियेने वर काढावी लागते. एवढ्या नाजूक श्रवणयंत्रापासून काही सेंटिमीटरवर अब्जावधी वेळा उघड-मीट करणारे परिपथ बसवायचे, हीच हातातल्या उपकरणांच्या रचनेची मूळ अडचण आहे. क्लॉकची गती थोडी सरकवणे, त्याची ऊर्जा पसरवणे, तारांची मांडणी बदलणे असे उपाय अभियंते योजतात. परंतु त्या सगळ्यांचा हिशेब शील्ड जागेवर आहे असे गृहीत धरूनच मांडलेला असतो.

आता हे आवरण नेमके कशामुळे काम करते ते पाहू, कारण दुरुस्तीत काय बिघडते याचे उत्तर त्यातच आहे. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागापुरताच वाहतो. एक गिगाहर्ट्‌झला तांब्यात ही खोली सुमारे २ मायक्रोमीटर आणि कमी वाहक जर्मन सिल्व्हरमध्ये सुमारे ८ ते ९ मायक्रोमीटर भरते. पत्रा २०० मायक्रोमीटरचा असेल तर तो पुरेसाच नव्हे, अनेक पटींनी जास्त ठरतो. भिंतीतून काहीच गळत नाही. गळते ते सांध्यातून. कुकरचा पत्रा कितीही जाड असला तरी शिट्टी होत नाही तेव्हा आपण रिंग पाहतो, तसेच हे. फटीची रुंदी येथे जवळपास गौण असते आणि निर्णायक असते ती तिची लांबी: केसाएवढी बारीक पण लांब फट प्रवाहाची वाट तोडते आणि स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. अशा एका फटीतून होणारा अटकाव मोजण्याचे ढोबळ सूत्र असे, की अर्ध्या तरंगलांबीला फटीच्या लांबीने भागायचे आणि त्याचे डेसिबल काढायचे. वाय-फायच्या ५.५ गिगाहर्ट्‌झ या वारंवारतेला तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर, म्हणून ३ मिलिमीटरच्या फटीला सुमारे १९ डेसिबल अटकाव मिळतो (शक्ती ऐंशी पटींनी घटते) आणि १२ मिलिमीटरच्या फटीला जेमतेम ७, म्हणजे फक्त पाच पट. सूत्र दूरक्षेत्राचे असल्याने बोर्डावरचे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील. लांबी चौपट झाली की गळती सोळा पट होते, हा त्यातला कल मात्र खरा आहे.

दुरुस्तीच्या टेबलावर नेमकी हीच लांबी बदलते. आयसी काढायची म्हणजे आधी शील्ड उघडायचे. झाकण दाबून बसवलेले असेल तर चिमट्याचे किंवा पातळ पात्याचे टोक एका कोपऱ्यात घालून ते उचकटले जाते. सोल्डर केलेले असेल तर हॉट एअर गनने कडा तापवून उचलले जाते किंवा कटरने वरचा पत्राच कापला जातो. झाकणाच्या कडेला आतून बारीक उंचवटे असतात, तेच काही मिलिमीटरच्या अंतराने चौकटीला टेकून विद्युतसंपर्क साधतात. कोपरा एकदा वाकला की त्यांतले दोन-तीन उंचवटे अधांतरी राहतात आणि झाकण वरकरणी नीट बसलेले दिसत असतानाही ३ मिलिमीटरची फट १२ मिलिमीटरची झालेली असते. डोळ्याला यातले काही दिसत नाही. कापलेला पत्रा तर बहुधा परत लागतच नाही; फार तर त्या जागी कॅप्टॉन टेप चिकटवली जाते, जी उत्तम विद्युतरोधक असल्याने शॉर्ट टाळते आणि लहरी मुळीच अडवत नाही. शिवाय प्रोसेसरवरचे शील्ड अनेकदा उष्णता वाहून नेणाऱ्या पॅडला चिकटलेले असते, तेव्हा ते गेले की उष्णतेची वाटही जाते. कोकणपट्टीच्या खारट, दमट हवेत संपर्काच्या जागी गंज धरण्याचा धोका वेगळाच, आणि त्याला तर दुरुस्तीचीही गरज लागत नाही.

यातून होणारा बिघाड ग्राहकाला ओळखू का येत नाही? पडद्यावरचे सिग्नलचे दांडे प्रामुख्याने टॉवरच्या संदेशाची शक्ती दाखवतात आणि शील्ड नसल्याने ती कमी होत नाही. वाढतो तो फोनच्या आतला कोलाहल, म्हणजे घटते ते शक्ती आणि कोलाहल यांचे गुणोत्तर. दांडे चार, पण व्हिडिओ अडतो. ग्राहक दोष कंपनीच्या नेटवर्कला देतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नेटवर्क खरोखरच खराब असण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. गुणोत्तर घटले की फोन टॉवरला तसे कळवतो, टॉवर त्याच्यासाठी अधिक सोपी, अधिक पुनरुक्तीची संकेतपद्धती निवडतो आणि तेवढीच माहिती पोहोचवायला जास्त वेळ व जास्त वारंवारता खर्ची पडते. ही साधने त्या टॉवरखालच्या सर्वांची सामाईक असतात. बहिरा झालेला एक फोन शेजाऱ्यांच्या वाट्यातले थोडे खातो. एकट्याचे खाणे नगण्य असते. पण गर्दीच्या वेळी, जुने आणि दुरुस्त केलेले फोन जास्त असलेल्या वस्तीत, अशा अनेक नगण्य घासांची बेरीज नगण्य राहीलच असे मानायला आधार नाही.

स्थाननिश्चितीबाबत परिणाम याहून थेट आहे. २०१६ च्या नियमांनुसार भारतात १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय अनिवार्य झाली, आणि त्यामागचा हेतू स्पष्ट होता: संकटातल्या माणसाचा ठावठिकाणा ११२ सारख्या यंत्रणेला कळावा. मोकळ्या मैदानात आवरण नसलेला फोनही बहुधा जागा दाखवेल. अडेल तो अरुंद गल्लीत, जिन्याखाली, पावसाळी झाडीत, जिथे उपग्रहाचा संदेश आधीच क्षीण झालेला असतो आणि आणखी कोलाहल सोसायला वाव उरलेला नसतो.

याची अतिशयोक्ती टाळायला हवी. परिसरातल्या रेडिओ-कोलाहलाचे मोठे गुन्हेगार स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांच्यात सापडतील. फोनमधून होणारी गळती काही मीटरांत विरून जाते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी आकाशगंगांचा क्षीण हायड्रोजन ऐकणाऱ्या जीएमआरटीला भोवतालचा मानवनिर्मित कोलाहल सतत सोसावा लागतो. तिथेही दूरच्या गावातल्या एखाद्या उघड्या मदरबोर्डावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. पण जवळच्या अंतरावर काय होते, याचा जाहीर दाखला आहे. २०१२ मध्ये इंटेलने एका टिपणात दाखवून दिले, की यूएसबी ३.० च्या संदेशवहनातून निघणारा कोलाहल २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो आणि शेजारच्या वायरलेस माउससारख्या उपकरणांचा पल्ला घटवतो. सुचवलेल्या उपायांत कनेक्टर आणि उपकरण यांचे आवरण सुधारणे हा प्रमुख होता. ती उपकरणे बिघडलेली नव्हती, आपापले काम चोख करत होती.

नियमन या बाबतीत जवळपास आंधळे आहे, आणि ते निष्काळजीपणामुळे नव्हे, तर त्याच्या घडणीमुळे. हस्तक्षेपाची मानके ठरवणारी सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ ची. चाचणीचे तत्त्व असे, की नमुना प्रयोगशाळेत तपासायचा आणि मंजुरी त्या नमुन्याच्या प्रतिरूपाला द्यायची. भारतातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाची मंजुरीही मॉडेलला मिळते, सुट्या नगाला नव्हे. उपकरण जन्मले तसेच आयुष्यभर राहील, हे या पद्धतीचे न बोललेले गृहीतक आहे. फोन दोन वर्षांत टाकून दिले जात, तोवर ते खपून गेले. दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाणाऱ्या आणि दोनदा उघडलेल्या फोनच्या काळात ते टिकत नाही.

याचा दोष तापकीर गल्लीतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिरावर ढकलणे मात्र साफ चूक ठरेल. वाकलेल्या झाकणाच्या जागी नवे लावायचे म्हटले तर ते मिळते कुठे? २० जून २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमांनी स्मार्टफोनच्या बॅटरी, पडदा, कॅमेरा, चार्जिंगचे पोर्ट असे सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवण्याची सक्ती केली. त्या यादीत शील्ड नाही. इकडे रचना उलट दिशेने चालली आहे. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये मदरबोर्डचे दोन थर एकमेकांवर बसवून मधल्या पट्टीनेच बाजूचे आवरण साधले गेले, आणि अनेक मॉड्यूलमध्ये आता पत्र्याऐवजी चिपच्या साच्यावर धातूचा पातळ थरच चढवलेला असतो. असा थर एकदा खरवडला की परत चढवण्याचे साधन दुकानात नसते. जागा वाचते हे खरे, पण दुरुस्तीनंतर मूळ स्थिती आणण्याची शक्यताही त्याबरोबर संपते.

हे असेच चालू राहिले तर दोनांपैकी एक परिणाम संभवतो, किंवा दोन्ही. वापरातल्या वारंवारता वर सरकत आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून भारतात आलेल्या ५जीचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्‌झचा आहे, आणि १८०० मेगाहर्ट्‌झला खपून जाणारी फट तिथे जवळपास दुप्पट लांबीची असल्यासारखी वागते. त्यामुळे आज न जाणवणारी गळती उद्या जाणवेल. दुसरा परिणाम धोरणाचा. कोलाहलाचे मोजमाप कधीतरी होईलच, आणि तेव्हा तयार उत्तर असेल की बाहेरची दुरुस्तीच बंद करा. ज्या उत्पादकांनी शील्ड सुटे विकले नाही, तेच त्याच्या अभावाचा पुरावा घेऊन सर्वांत पुढे उभे राहतील. मला यांतला दुसरा धोका अधिक जवळचा वाटतो.

उपाय अवघड नाहीत. शील्ड सुट्या भागांच्या यादीत घालणे, दोन तुकड्यांची रचना जिथे शक्य आहे तिथे टिकवणे, आणि फोनच्या आतला रेडिओ जे गुणोत्तर सतत मोजतच असतो ते ग्राहकाला व कारागिराला समजेल असे दाखवणे, एवढ्याने बरेच साधेल. यांतले शेवटचे तर केवळ सॉफ्टवेअरचे काम आहे. ते होईपर्यंत वाचकाच्या हाती एक साधी गोष्ट आहे. बोर्डापर्यंत गेलेली दुरुस्ती करून घेताना पावतीवर ‘सर्व शील्ड परत बसवली’ अशी ओळ लिहून मागावी, आणि झाकण खराब झाले आहे, दुसरे लागेल असे कारागिराने सांगितले, तर घासाघीस न करता त्याचे पैसे द्यावेत.