कॅमेरा आणि रानपिंगळा

अमरावतीच्या एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, धाकट्या चिरंजीवांनीं कॅमेरा घेऊन मेळघाटांत जाण्याचा हट्ट धरला आहे. वडील मंडळींस हा निव्वळ वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटतो. तेव्हां जाऊं द्यावें कीं नाहीं? उत्तरादाखल आम्ही त्याच रानांतील एका पांखराची हकीकत सांगतों.

रानपिंगळा हें दिवसां वावरणारें लहानसें घुबड. ह्यूमसाहेबांनीं १८७३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. १८८४ नंतर मात्र त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. माइनर्ट्झहागेन नामक संग्राहकानें १९१४ सालीं गुजराथेंत तें मिळविल्याचें सांगून एक नमुना दाखविला. तो वस्तुतः संग्रहालयांतून लांबविलेला जुनाच नमुना होता. त्या खोट्या चिठ्ठीनें शोधकांची मात्र दिशाभूल झाली. ही लबाडी पामेला रासमुसेन या विदुषीनें ताडली, आणि जुने खरे नमुने जेथून आले तेथेंच शोध घेण्याचें ठरविलें. १९९७ च्या नोव्हेंबरांत त्यांना व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांना खानदेशांत शहाद्याजवळ तें पांखरूं भरदिवसां आढळलें. त्यांनीं बंदूक उचलली नाहीं. चित्रण केलें, आणि तेवढा पुरावा जगास पुरला. पुढें मेळघाटच्या सागवानी रानांतहि रानपिंगळा आढळला, आणि आज त्याच्या प्रमुख आश्रयस्थानांत आमच्या वऱ्हाडाची गणना होते.

सारांश, जेथें कातड्यानें फसविलें तेथें छायाचित्रानें सांवरलें. म्हणून या छंदास उनाडपणा म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला म्हणजे शिकाऱ्याची हांवहि गेली, असें समजण्याचें कारण नाहीं. ढोलींत पिलें असतां कोणी अगदीं जवळ जातो; कोणी मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवितो. प्रतिस्पर्धी आला असें समजून तें बिचारें धांवून येतें, आणि तोंवर पिलें उघडीं पडतात. असें चित्र कितीहि सुरेख निघालें, तरी तें चोरीचेंच.

तेव्हां चिरंजीवांस अवश्य जाऊं द्यावें. वनखात्याचे नियम त्यांनीं पाळावे. प्रत्येक चित्राची तारीख व ठिकाण आपल्या वहींत खरेंखरें टिपावें, परंतु घरट्याची जागा चव्हाट्यावर मांडूं नये. आणि ते परतल्यावर, चित्र कसें आलें हें विचारण्यापूर्वीं, पांखरूं जागचें उडालें तर नाहीं ना, एवढें वडिलांनीं विचारावें.