तार तुटते कशी, तेही पाहा

पुलांची कामे घेणारे आज तारेच्या कारखान्याला एकच प्रश्न विचारतात: किती मेगापास्कल? पूर्वताणित काँक्रीटच्या स्ट्रँडसाठी १८६० हा आकडा रूढ झाला आहे. टेन्साइल यंत्रावर तो निघाला की माल पास. आमची तक्रार या सवयीबद्दल आहे.

सुमारे ०.८ टक्के कार्बनची तार बळकट होते ती आधी उष्णतेने, मग ओढण्याने. पेटेंटिंगमध्ये ९०० अंशांच्या वर तापवलेली तार साधारण ५५० अंशांच्या शिशात उतरवली की फेराइट आणि सिमेंटाइट यांच्या बारीक थरांचा पर्लाइट मिळतो. (शिशाऐवजी हवेच्या झोताने सळई थंड करण्याची पद्धत रुळली आहे; भट्टीजवळच्या कामगारांच्या दृष्टीने ते बरेच झाले.) मग एकामागून एक डायमधून जाताना हे थर तारेच्या दिशेला वळतात, पातळ होतात, दाटीने बसतात.

इथवर सगळे ठाऊक असते. घोटाळा करते ती कोणी न मागितलेली उष्णता. ओढायला खर्ची पडलेली बहुतेक ऊर्जा तारेतच उष्णता होऊन उतरते. उत्पादनासाठी वेग वाढवला, कॅप्स्टनला पाणी कमी पडले, की तार दीडशे-दोनशे अंशांवर जाते. सिमेंटाइटमधून सुटलेला कार्बन फेराइटमधल्या विस्थापनांना जखडतो. टेन्साइलचा आकडा यात घटत नाही, उलट चढतो! तीच तार पिळून पाहा. निरोगी तार बरेच फेरे सोसून आडवी, सपाट तुटते. बिघडलेली सुरुवातीलाच लांबीच्या दिशेने चिरते.

जपानमधल्या अकाशी काइक्यो पुलासाठी १८०० मेगापास्कलची तार बनवताना अडचण अशीच उष्णतेची होती. जस्ताच्या सुमारे ४५० अंशांच्या कुंडात तारेचे बळ ओसरते. तिथल्या धातुतज्ज्ञांनी सिलिकॉन वाढवून ती घट आवरली, आणि चार केबलांऐवजी दोनच पुरल्या. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाचा मधला गाळा १९९१ मीटरचा आहे.

आपल्याकडे स्ट्रँड शेवटी ताणून धरून साधारण ३८० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा हजार तासांतली शिथिलता अडीच टक्क्यांच्या आत राहते. पण डायमध्ये बिघडलेली तार या टप्प्यावर सुधारत नाही. तेव्हा शेवटच्या डायनंतर तारेचे तापमान नोंदवा, आणि स्ट्रँड वळण्यापूर्वीच्या पीळ-चाचणीचा निकाल टेन्साइलशेजारी प्रमाणपत्रावर छापा. खरेदीदारांनीही तो मागावा. वेग कमी केल्याचे चार पैसे जास्त पडले तर तेही द्यावेत.