नॅनोबबल म्हणजे काय? शिरूर कासारच्या शेतीला त्याचा फायदा होईल का?

मे २०२५ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या तलावांचं पाणी स्वच्छ करण्यासाठी 'नॅनोबबल' तंत्रज्ञानाची चाचणी सुरू झाली. शेवाळ आणि दुर्गंधी कमी करणं हा तिचा हेतू होता. हेच तंत्र शेतीच्या पाण्यासाठीही विकलं जातं. मग बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या दुष्काळी तालुक्यात ते कामाचं आहे का?

हा बुडबुडा वेगळा कसा?

सोड्यातला बुडबुडा वर येतो आणि फुटतो. नॅनोबबल इतका बारीक असतो की तो पाण्यातच तरंगत राहतो. त्याचा व्यास साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शेकडोपट लहान. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सहसा एकत्र येत नाहीत. तरी ते इतके दिवस कसे टिकतात, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे.

उपयोग कुठे होतो?

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन पुरवायला, मत्स्यपालनात, धुलाईत आणि मातीविना शेतीत. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात शेततळ्याचं पाणी तापतं, शेवाळ सडतं आणि ऑक्सिजन आणखी घटतो. तिथे हे यंत्र मदत करू शकतं.

मग शिरूर कासारचं काय?

सिंदफणेकाठच्या या तालुक्यात कापूस, तूर, बाजरी ही पिकं बहुतांशी पावसावर. इथला पहिला प्रश्न पाणी आहे का, हा आहे. त्यात हवा किती, हा नंतरचा. नॅनोबबल यंत्र पाण्याचा एक थेंबही वाढवत नाही. कोरडवाहू पिकाच्या मुळांना हवा मातीतल्या पोकळ्यांमधूनच मिळते.

उलट परिस्थितीही इथे येते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यातली शेतं पाण्याखाली गेली. पाणी साचलं की पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. पण तिथे उपाय यंत्राचा नाही, चर काढून पाण्याचा निचरा करण्याचा आहे.

म्हणजे फायदा होण्याची शक्यता मोजक्याच ठिकाणी: शेततळं, ठिबक आणि भाव देणारं पीक असलेल्या शेतात, शेडनेटमध्ये किंवा मत्स्यपालनात.

पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा

• यंत्राआधी आणि नंतर पाण्यातला ऑक्सिजन किती? मीटर लावून समोर दाखवा.
• उत्पादन वाढलं ते कुठल्या पिकात, कुठल्या मातीत?
• विजेचा खर्च किती? लोडशेडिंगमध्ये यंत्र चालेल का?
• अर्ध्या प्लॉटवर एक हंगाम चाचणी घेता येईल का? उरलेला अर्धा नेहमीच्या पाण्यावर ठेवा.

शेततळ्यावर सावलीची जाळी टाकणं, फिल्टर वेळच्या वेळी धुणं हे स्वस्त उपाय आधी करून बघा. त्यानंतरही पाणी खराब राहत असेल, तरच या यंत्राचा हिशेब मांडा. विज्ञान खरं आहे. पण कर्ज काढून यंत्र घ्यायचं, तर ते आपल्या शेतात चालतं याचा पुरावा हातात हवा.