नाव तिचे, घर कुणाचे?

घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात २०२१पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आमच्या सल्ला केंद्रात आता बाया सांगतात, "ताई, घर माझ्या नावावर आहे, पण कागद नवऱ्याच्या कपाटात. ओटीपीसुद्धा त्याच्याच मोबाइलवर येतो." असे घर १५ वर्षे पुरुषाला विकायचे नाही, ही अट २०२३मध्ये निघाली. बाईला विकण्याची मोकळीक मिळाली हे मला योग्यच वाटते. पण "इथे सही कर" म्हणणाऱ्यांचेही फावले.

नाव नसलेलीलाही आधार आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले. मात्र राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा इंडेक्स टू आणावा. तो सगळ्यांनी मिळून वाचू. नवे घर घेणारीने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः तपासावा. सवलत सरकारने दिली. हक्क आपणच बजावायचा आहे.