सुट्टीत मुलांना नुसतं "वाच" म्हणू नका, वाचून दाखवा



मे महिना लागला की पालकांची तक्रार ठरलेली, "सर, पोरगं पुस्तकाला हात लावत नाही." जूनमध्ये शिक्षकांची तक्रार, "दुसरीत आलं आणि जोडाक्षरं विसरून आलं." दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यावर आपण जो उपाय करतो तो मला पटत नाही. रोज दोन पानं शुद्धलेखन, एक धडा मोठ्यानं वाचायचा आणि खाली पालकांची सही! हे वाचन नव्हे, ही सुट्टीतली हजेरी झाली.

पहिली-दुसरीतलं मूल वाचतं कसं, ते एकदा जवळ बसून बघा. ते अक्षरं लावत असतं. 'इ-च-ल-क-रं-जी' करत 'जी'पर्यंत पोचेतो सुरुवातीचा 'इ' निसटलेला असतो. वाक्याचंही तेच होतं. सगळी ताकद अक्षरं ओळखण्यात जाते, गोष्टीची मजा घ्यायला काही उरत नाही. अशा मुलाला "जा, आत बसून वाच" म्हटलं की ते पाच मिनिटांत बाहेर येणारच. त्यात त्याचा आळस नसतो.

मोठ्या माणसानं वाचून दाखवलं की अक्षरांचं ओझं आपण उचलतो आणि गोष्ट मुलाला मिळते. ती आवडली की तेच पुस्तक ते स्वतःहून उघडतं, कारण पुढं काय येणार हे त्याला माहीत असतं. दहाव्यांदा तेच पुस्तक मागितलं तर वैतागू नका. पाठ झालेल्या ओळीवर बोट फिरवता फिरवताच अक्षरं पक्की होतात. आणि कृपा करून गोष्ट संपल्या संपल्या "सांग बघू, तात्पर्य काय?" असं विचारू नका!

"आम्हाला वेळ कुठाय?" हेही खरंच आहे. कुणी एमआयडीसीत पाळीवर, कुणी दिवसभर रानात. पण जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात. आईवडिलांना वाचणं जड जात असेल तर ताईनं वाचावं, आजीनं तोंडी गोष्ट सांगावी. ऐकलेले शब्द पुढं पुस्तकात भेटले की मुलाला ओळखीचे वाटतात.

मामाच्या गावाला जाताना एसटी स्टँडवर तासभर थांबावं लागतंच. तिथं गाड्यांच्या पाट्या वाचू द्या. 'कागल' पटकन येतं, 'पन्हाळा'ला जरा अडखळतं, 'गडहिंग्लज'ला घाम फुटतो. पण आपली गाडी चुकू नये म्हणून मूल ते नेटानं वाचतं. शुद्धलेखनाच्या वहीत ही निकड कुठून येणार?

राहिला पुस्तकांचा प्रश्न. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. (मोबाईल मात्र मोठ्यांच्याच हातात राहू द्या, नाहीतर 'किशोर' बाजूला आणि गेम सुरू.) अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं बघा, घरातल्याच साध्या गोष्टी त्यात असतात. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, अनेक गावांतही सार्वजनिक वाचनालय असतं. तिथं मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्यानं भुताचं उचललं तर भुताचं. आपल्या आवडीचं चरित्र त्याच्या गळ्यात मारू नका.

शिक्षकांनाही एक विनंती. जूनमध्ये वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि सारांश मागू नका. यादी मागितली की ती पालकच लिहून देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात मुलांना गोल करून बसवा आणि सुट्टीत ऐकलेली किंवा वाचलेली एखादी गोष्ट सांगू द्या. कुणी म्हणालं, "मला ते पुस्तक आवडलं नाही, मी अर्धंच सोडलं," तर त्याला ते का सोडलं, एवढंच विचारा.