तोलाची परीक्षा : दोन गुणांनी हुरळू नका, खचू नका

घरातील आजोबा लकव्यातून सावरत असले किंवा आजींच्या खुब्याचे हाड जोडून झाले असले, की व्यायामाचे डॉक्टर त्यांच्या तोलाची परीक्षा घेतात. मागच्या महिन्यात 41 गुण होते, आज 39 आले. लगेच घरात कुजबुज सुरू होते, "एवढे हेलपाटे फुकट गेले!" आणि व्यायाम बंद पडतो. उलट 41 चे 43 झाले, तर आजोबा काठी कोपऱ्यात ठेवून एकटेच गोठ्याकडे निघतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही परीक्षा बहुधा 'बर्ग' नावाची असते. कॅनडातील कॅथरीन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1989 साली मांडली. तीत 14 कामे करायची असतात : खुर्चीवरून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, खाली पडलेली वस्तू उचलणे, एका पायावर उभे राहणे वगैरे. प्रत्येक कामाला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 56.

परीक्षा चांगलीच आहे. दोन जाणकारांनी एकाच माणसाला तपासले तर गुण बरेचसे जुळतात. पण बरेचसे म्हणजे तंतोतंत नव्हे. धान्याचे एकच पोते काट्यावर दोनदा ठेवा, थोडे इकडेतिकडे होतेच. म्हणून धान्य घटले असे आपण म्हणतो का?

मग खरा फरक कोणता मानायचा? आयर्लंडमधील संशोधकांनी 2009 साली म्हाताऱ्या माणसांची तपासणी करून याचा हिशेब दिला. पहिले गुण 45 ते 56 असतील तर निदान 4 गुणांचा फरक हवा. 35 ते 44 असतील तर 5, 25 ते 34 असतील तर 7 आणि त्याखाली असतील तर 5. एवढा फरक पडला तरच माणूस खरोखर सुधारला किंवा मागे पडला असे खात्रीने म्हणता येते. आपल्या आजोबांचे 41 आणि 39 त्यात बसत नाहीत.

तुम्ही एवढे करा. परीक्षा शक्यतो त्याच माणसाकडून, त्याच वेळी, तशाच उंचीच्या खुर्चीवर आणि त्याच पायताणात होऊ द्या. रात्री झोप झाली नसेल, एसटीच्या प्रवासाने थकवा आला असेल, नवे औषध सुरू झाले असेल, तर ते आधीच सांगा. गुण तारखेसह वहीत लिहून ठेवा.

मात्र आजोबा घरात पडले, त्यांना चक्कर आली किंवा एक बाजू अचानक लुळी वाटली, तर गुणांकडे पाहत बसू नका. तडक दवाखाना गाठा. आणि काठी कधी सोडायची, हे आकडा पाहून घरी ठरवू नका. ते डॉक्टरांनाच विचारा.